आखाजीआधी इस्त्री आणि हँड मिक्सर घ्यायचाय, त्याची तयारी

भाचीची लग्नानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. धुळ्याहून ती चार दिवस माहेरी जळगावला येणार, झोका बांधला जाणार, आंब्याचा रस, खापरावरचे मांडे सगळं होणार. रिवाजाप्रमाणे साडी घ्यायची म्हणून फोन केला, तर म्हणाली, "मावशी, साड्या लग्नातल्याच पडून आहेत. इस्त्री दे. आणि जमलं तर हँड मिक्सर." धुळ्यात देवपूरला दोन खोल्यांचं भाड्याचं घर, दोघंही नोकरीला जाणारे. मागणी रास्त होती. पण दुकानात जायच्या आधी मी तिच्याकडून भिंतीवरच्या बोर्डाचा फोटो मागवला. तिला ते विचित्र वाटलं, म्हणून ही सगळी तयारी सविस्तर लिहून काढते आहे. तुमच्याकडेही आखाजीची किंवा लग्नाची खरेदी असेल तर उपयोगी पडेल.

बोर्डापासून सुरुवात करायचं कारण माझ्याच घरातलं आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये मी २००० वॅटची वाफेची इस्त्री आणली. तिच्या प्लगच्या पिना जाड, आमच्या खोलीतलं सॉकेट बारीक. मधे एक जोडपिन लावली आणि इस्त्री करायला बसले. दहा-पंधरा मिनिटांत जळकट वास आला. जोडपिन वितळून सॉकेटला चिकटली होती. वायरमन आला, बोर्ड उघडला आणि अहिराणीत एवढंच म्हणाला, "ताई, हाऊ प्लग सहाना शे, इस्तरी सोळानी शे." मग त्यानं हिशोब समजावला. साध्या सॉकेटची मर्यादा ६ अँपिअर. घरातली वीज २३० व्होल्टची. दोन्हींचा गुणाकार १३८० वॅट. तेवढंच ओझं त्या सॉकेटनं पेलायचं. १००० वॅटची साधी इस्त्री त्यात निवांत चालते. २००० वॅटची इस्त्री पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते, तिला १६ अँपिअरचा मोठा पॉवर प्लगच लागतो. भाड्याच्या घरात तो बहुतेक वेळा फ्रिजपाशी किंवा गिझरपाशी एकच असतो. तेव्हा आधी घरात मोठा प्लग कुठे आहे आणि त्याच्याजवळ इस्त्रीचं टेबल किंवा सतरंजी टाकायला जागा आहे का, हे बघून ठेवा. जागा नसेल तर वाफेच्या मोठ्या इस्त्रीचा विचार तिथेच सोडा.

त्याच बोर्डावर अर्थिंगही तपासून घ्या. इस्त्रीचा तळ धातूचा, हात ओलसर, कापडावर पाणी शिंपडलेलं, पाय बहुधा अनवाणी आणि खाली शहाबादी फरशी. वीज तळात उतरली तर तिला जमिनीत न्यायला तिसरी पिन असते. पण जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात आणि मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. हे वरून कळत नाही, वायरमनकडूनच तपासून घ्यावं लागतं. टेस्ट लॅम्प घेऊन आला तर त्याचं पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या खानदेशात आणखी एक गोष्ट आहे. एप्रिल-मे मध्ये जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि अर्थिंग कमजोर पडतं. स्वतःचं घर असेल तर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. भाड्याचं असेल तर घरमालकाला सांगा, आणि बोर्डावर विजेची गळती पकडणारं ब्रेकर आहे का तेही विचारा. तिसरी पिन काढून किंवा वाकवून दोन पिनांवर इस्त्री चालवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून हे करू नका.

व्होल्टेजचंही बघा. तुमचं घर खेड्यावर असेल किंवा गल्लीत संध्याकाळी दिवे मंद होत असतील, तर खोक्यावर लिहिलेले वॅट तुम्हाला पूर्ण मिळणार नाहीत. व्होल्टेज २३० वरून १८० वर आला तर १००० वॅटची इस्त्री सुमारे ६१० वॅटचीच उरते, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं घसरतात. मग ७५० वॅटची स्वस्त इस्त्री घेतलेल्या घरात सुती कापडाच्या चुण्या निघत नाहीत आणि दोष इस्त्रीला जातो. अशा ठिकाणी १००० वॅटच घ्यावी आणि इस्त्री सकाळी लवकर करावी. तसंही मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात असताना दुपारी इस्त्री धरवत नाही.

वाफेची इस्त्री हवीच असेल तर घरातलं पाणी कसं आहे ते आठवा. बोअरच्या जड पाण्यानं हंड्याला, गिझरला आतून पांढरा थर धरतो. तोच थर इस्त्रीच्या वाफेच्या बारीक भोकांत बसतो, आणि एक दिवस पांढऱ्या शर्टावर पिवळट पाण्याचे ठिपके पडतात. सोबतच्या पुस्तिकेत कुठलं पाणी घालायचं ते छापलेलं असतं. जड पाणी असलेल्या घरात आरओ फिल्टरचं पाणी घालणं बरं, आणि काम झालं की टाकी रोज रिकामी करायची. एवढं रोज होणार नसेल तर साधी इस्त्री आणि पाण्याची फवारणीची बाटली ही जोडी उत्तम. भाचीसाठी मी साधीच ठरवली आहे.

आता कपाट उघडा. घरात इस्त्री करायचे कपडे कोणते आहेत, त्यावर इस्त्रीचं वजन ठरतं. भाचीच्या सासऱ्यांचा सुती सदरा आणि टोपी खळ घालून कडक लागते, तिथे दीड किलोच्या पुढची जड इस्त्री हवी, वजनानंच निम्मं काम होतं. तिचे स्वतःचे कुर्ते आणि जावईबापूंचे मिश्र सुताचे शर्ट यांना किलोभराची हलकी इस्त्री पुरते, शिवाय रोज सकाळी उचलून मनगट दुखत नाही. सासरे वर्षातून दोनदा येतात, शर्ट रोज असतात. म्हणून हलकी. खळीच्या कपड्यांसाठी देवपूरला इस्त्रीवाले आहेतच.

दुकानात इस्त्री खोक्यातून बाहेर काढायला लावा. हातात धरून टेबलावर चार फेऱ्या मारा. टोक निमुळतं आहे का, बटणांच्या खाली जायला कडेला खाच आहे का, तळ गुळगुळीत आहे का, ते बोट फिरवून बघा. नॉनस्टिक तळाला खळ चिकटत नाही, हा मोठा फायदा. मात्र चेनवर किंवा धातूच्या बटणावर घासला की ओरखडा पडतो आणि मग त्या ओरखड्यात कापड अडकतं. वायर बाहेर पडते तिथे ती सगळीकडे फिरते का बघा, कारण वायर तुटते ती नेहमी त्याच जागी. वायर सुती विणीची असेल तर गरम तळाला चुकून लागली तरी प्लास्टिकसारखी लगेच वितळत नाही. चकतीवर कापडांची नावं किंवा ठिपके असतात. कपड्याच्या लेबलवरही तेच ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. चकतीवरची खूण पुसट असेल तर ती इस्त्री घेऊ नका, वर्षभरात ती दिसेनाशी होईल आणि पहिली सिंथेटिक साडी जळेल. शेवटी दुकानातच प्लग लावून बघा. दिवा लागला पाहिजे, आणि तापल्यावर आपोआप विझला पाहिजे. विझला म्हणजे थर्मोस्टॅट काम करतो आहे.

खूण बघायची बाकी राहिली. आपण जळगावकर सराफ बाजारात गेलो की एक ग्रॅमच्या कानातल्यावरही हॉलमार्क शोधतो, भिंगाखाली सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी वाचून घेतो. तो हॉलमार्क आणि इस्त्रीवरची आयएसआय खूण, दोन्ही एकाच भारतीय मानक ब्युरोच्या. इस्त्रीला ही खूण कायद्यानंच लागते. खुणेच्या वर आयएस ३६६ हा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक. ज्या बीआयएस केअर अ‍ॅपवर दागिन्याचा क्रमांक तपासता येतो, त्याच अ‍ॅपवर हा परवानाही तपासता येतो. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटं लागतात. सोन्यात फसलं तर पैसे जातात, इस्त्रीत फसलं तर जीवावर बेततं. मग कानातल्याइतकं तरी लक्ष तिच्याकडे द्या.

हँड मिक्सरची तयारी वेगळ्याच प्रश्नानं सुरू होते: तुम्हाला नक्की काय हवं आहे? आपल्याकडे तीन यंत्रांना सर्रास मिक्सर म्हणतात. जारवाला मिक्सर वाटतो. काठीसारखा हँड ब्लेंडर पातेल्यात उभा धरून शिजलेली डाळ, टोमॅटो, लस्सी एकजीव करतो. आणि दोन पात्यांच्या फिरक्या असलेला हँड मिक्सर फक्त फेटतो. भाजलेलं खोबरं, कांदा, काळा मसाला यांचं वाटण हँड मिक्सरमध्ये होणार नाही. शेवभाजीच्या रश्श्यासाठी तो घेत असाल तर परत फिरा. कळण्याच्या भाकरीचं पीठ त्यानं मळता येत नाही. ज्वारी-उडदाचं ते पीठ गरम पाण्यानं हाताच्या तळव्याखालीच जमतं. सोबत पीठ मळायचे हूक मिळतात खरे, पण पोळ्यांची घट्ट कणीक त्या लहान मोटरला फार जड जाते. हूक सैल, पावासारख्या पिठापुरते समजा.

मग उपयोग कशाला? फेटण्याला, आणि ते तो अप्रतिम करतो. दहीवड्याचं उडदाचं वाटण घ्या. हातानं फेटून फेटून खांदा भरून येतो, यानं तीन-चार मिनिटांत हवा भरते. वाटीभर पाण्यात थेंब टाकला आणि तरंगला की झालं. श्रीखंडाचा चक्का साखर घालून सगळ्यात कमी वेगावर फिरवला की गाठी राहत नाहीत. दिवाळीच्या नानकटाईसाठी तूप आणि पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेटायची असते, ते तर याचंच काम. आणि रावेर-यावलची केळी घरात घडानं येतात, शेवटची डझनभर काळी पडतात, त्यांचा केक करणाऱ्या घराला हा मिक्सर हवाच. केळी, साखर आणि तेल यानं फेटा, मैदा मात्र घातल्यावर चमच्यानं हलक्या हातानं मिसळा, नाहीतर केक चिवट होतो. क्रीम फेटायचं असेल तर उन्हाळ्यात भांडं आणि फिरक्या आधी फ्रिजमध्ये ठेवा आणि भांडं बर्फाच्या पाण्यात धरा. आपल्या उकाड्यात याखेरीज क्रीम उभं राहत नाही.

घेताना वॅटच्या आकड्यावर भुलू नका. २०० ते ३०० वॅट घरच्या कामाला भरपूर आहेत. त्यापेक्षा सगळ्यात कमी वेग खरोखर कमी आहे का ते चालवून बघा. पहिल्याच बटणाला जो सुसाट सुटतो, तो पीठ ओट्यावर आणि तोंडावर उडवतो. मूठ आपल्या हातात बसते का हे स्वतः धरून बघा आणि हात पाच मिनिटं तसाच अधांतरी ठेवा. केकला तेवढा वेळ लागतोच, आणि माझ्यासारखी लहान हाताची बाई असेल तर जाड मुठीचा मिक्सर तिला नको होतो. फिरक्या बसवताना टक असा आवाज आला पाहिजे आणि काढायच्या बटणानं त्या एकदम सुटल्या पाहिजेत. फिरक्या स्टीलच्याच घ्या, मुलामा दिलेल्या काही दिवसांनी खपली धरतात.

मागच्या पट्टीवर दोन गोष्टी वाचा. एकात एक असे दोन चौकोन दिसले की आत दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणून त्याला दोन पिनांचा प्लग असतो, ते बरोबरच आहे. आणि इंग्रजीत केबी लिहून पुढे मिनिटांचा आकडा असतो, तेवढाच वेळ मिक्सर सलग चालवायचा, मग थंड होऊ द्यायचा. आकडा ५ असेल तर पाचच मिनिटं. मोटर जळण्याचं सगळ्यात मोठं कारण ही न वाचलेली ओळ असते. वायरही पसरून बघा, ओट्यापासून सॉकेटपर्यंत पोचली पाहिजे. स्वयंपाकघरात एक्स्टेन्शन बोर्ड नको.

पैसे देण्याआधी एकच चौकशी करा: दुरुस्ती केंद्र कुठे आहे? भाची धुळ्यात राहते, म्हणून मी धुळ्यातलंच विचारणार. नंदुरबार, शहाद्याकडच्या लोकांनी तर हे आवर्जून विचारावं. केंद्र नाशिकला असेल तर तीन-चारशे रुपयांच्या दुरुस्तीला खेपेचाच खर्च जास्त होतो, आणि वस्तू माळ्यावर जाते. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या, दोन्हींचा फोटो काढून ठेवा. छापील शाई उन्हाळ्यात कपाटात उडून जाते. पुढे दुकानदार हात वर करू लागला तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरी आणल्यावर इस्त्री पहिल्यांदा तापवाल तेव्हा थोडा वास येईल, जुन्या धोतराच्या तुकड्यावर फिरवून घ्या. इस्त्री करताना कपडे आधी एक ठिपक्याचे, मग दोनाचे, शेवटी सुती, कारण इस्त्री तापते पटकन आणि निवते हळू. मिक्सरच्या फिरक्या धुऊन, पूर्ण कोरड्या करूनच ठेवा. मिक्सरचा वरचा भाग कधीच नळाखाली धरू नका.

भाचीचा फोटो काल आला. बोर्डावर दोन बारीक सॉकेट आहेत, मोठा प्लग मोरीशेजारी आहे. एका सॉकेटच्या तिसऱ्या भोकाभोवती काळपट डाग दिसतो. घरमालकांनी शुक्रवारी वायरमन पाठवायचं कबूल केलं आहे. तो सॉकेट बदलून अर्थिंग बघून गेल्याचा फोन आला, की मी शनिवारी बाजारात जाईन.