अर्थशास्त्राची पदवी घेताना या चुका टाळा

बी.ए.ला अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेणारे बरेचसे विद्यार्थी बारावीपर्यंत हा विषय पाठांतराच्या बळावर पार करून आलेले असतात. व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, मर्यादा या ठरलेल्या क्रमाने टिपणे काढायची आणि परीक्षा तोंडावर आली की ती घोकायची, ही सवय पहिल्या वर्षात कशीबशी तारून नेते. पण समवृत्ती वक्र, खर्चाचे वक्र आणि राष्ट्रीय उत्पन्नाची समीकरणे पाठोपाठ येऊ लागली की तिचा काही उपयोग राहत नाही. उत्तरपत्रिका तपासताना वर्षानुवर्षे त्याच चुका समोर येतात आणि त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच असते: विद्यार्थ्याने धडा वाचलेला असतो, पण हातात पेन्सिल घेऊन तो स्वतः सोडवून पाहिलेला नसतो.

मागणी घटली की मागणीचा संकोच झाला?

सर्वांत जास्त गुण ज्या चुकीने जातात, तिच्यापासून सुरुवात करू. प्रश्न साधा असतो: अवकाळी पावसाने काढणीला आलेला कांदा सडला आणि लासलगावच्या बाजार समितीतली आवक घटली, तर बाजारात काय होईल? उत्तर पुष्कळदा असे येते: पुरवठा घटल्यामुळे किंमत वाढते, किंमत वाढल्यामुळे मागणी घटते, मागणी घटल्यामुळे किंमत पुन्हा उतरते आणि समतोल पूर्ववत होतो. वाचायला हे सुसंगत वाटते, पण ते खरे असते तर कांदा कधी महागच झाला नसता.

चूक तिसऱ्या पायरीवर आहे. किंमत वाढल्यामुळे ग्राहक कमी कांदा घेतात, तेव्हा मागणी वक्र जागचा हलत नाही. आपण त्याच वक्रावर खालच्या बिंदूकडून वरच्या बिंदूकडे जातो. याला मागणीचा संकोच म्हणतात, मागणीतील ऱ्हास नव्हे. सरकलेला असतो तो फक्त पुरवठा वक्र, डावीकडे. आणि नवा समतोल जास्त किमतीला, कमी नगसंख्येवर स्थिरावतो. याउलट डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा परदेशी ग्राहकांची मागणी देशातल्या बाजारातून वजा झाली. तिथे मात्र मागणी वक्रच डावीकडे सरकतो, यालाच मागणीतील ऱ्हास म्हणतात, आणि किंमत खाली येते. आकृती काढण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: बदललेली गोष्ट त्या वस्तूची किंमत आहे की किमतीबाहेरचे काही? किमतीबाहेरचे असेल, तरच वक्र हलवावा आणि कोणता वक्र हलला हे आधी शब्दांत लिहून मगच पट्टी हातात घ्यावी. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द व्याख्येत शोभेसाठी घातलेले नाहीत. कोणता वक्र जागेवर ठेवायचा, हे तेच सांगतात.

गणित जाणाऱ्यांना आकृतीत आणखी एक अडचण येते. शाळेच्या गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर असतो, तर इथे किंमत उभ्या अक्षावर घेतात. ही मांडणी आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून रूढ झाली आहे. ती तशीच स्वीकारावी, मात्र अक्षांना नावे दिल्याशिवाय आकृती पूर्ण झाली असे समजू नये.

दोन उत्तरे आणि दोन्ही बरोबर

लवचिकतेचे, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी त्या प्रमाणात किती बदलते याचे, उदाहरण सोडवताना दोन मैत्रिणींची उत्तरे जुळत नाहीत आणि मग गणित अवघड म्हणून वही मिटली जाते. समजा, किंमत २० रुपयांवरून ३० रुपये झाली आणि मागणीची नगसंख्या १०० वरून ८० वर आली. किमतीतली वाढ ५० टक्के, नगसंख्येतली घट २० टक्के; म्हणून लवचिकता ०.४. आता हेच उलट दिशेने करा. किंमत ३० वरून २० वर आली, म्हणजे ३३.३ टक्क्यांनी घटली, नगसंख्या ८० वरून १०० झाली, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढली, लवचिकता ०.७५. आकडे तेच असूनही उत्तर वेगळे येते, कारण टक्केवारीचा पाया बदलला. त्यावर तोड म्हणून दोन्ही टोकांची सरासरी पायाभूत धरतात: १० भागिले २५ म्हणजे ४० टक्के, २० भागिले ९० म्हणजे सुमारे २२.२ टक्के, आणि लवचिकता सुमारे ०.५६. प्रश्नात कोणती पद्धत विचारली आहे हे न पाहता सूत्र लावणे, ही खरी चूक.

उत्तर पडताळण्याची सोपी वाटही इथेच आहे. आधी एकूण खर्च २० गुणिले १००, म्हणजे २,००० रुपये होता. नंतर ३० गुणिले ८०, म्हणजे २,४०० रुपये झाला. किंमत वाढूनही खर्च वाढला, म्हणजे मागणी कमी लवचीक आहे, आणि तिन्ही उत्तरे एकापेक्षा लहान आहेत. वक्राचा उतार म्हणजेच लवचिकता, हा समजही याच ठिकाणी सोडून द्यावा. सरळ रेषेतल्या मागणी वक्राचा उतार सगळीकडे सारखा असतो, लवचिकता मात्र बिंदूगणिक बदलत जाते.

सीमान्त खर्चाचा, म्हणजे आणखी एक नग बनवण्यासाठी लागणाऱ्या जादा खर्चाचा, वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला न्यूनतम बिंदूतच का छेदतो, हे पाठ करण्याची गरज नाही. १ ते ५ नगांचा एकूण खर्च अनुक्रमे १००, १६०, २१०, २८० आणि ३७५ रुपये घेऊन तक्ता करा. सरासरी खर्च १००, ८०, ७०, ७०, ७५ येईल आणि चौथ्या नगाचा सीमान्त खर्च बरोबर ७० येईल. एकदा असा तक्ता हाताने केला की ती आकृती जन्मभर विसरत नाही, हे मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

दर आणि पातळी

महागाईचा दर उतरला म्हणजे स्वस्ताई आली, असे लिहिलेले वाचून खरोखर वाईट वाटते, कारण ही चूक वर्तमानपत्र वाचतानाही माणसाला आयुष्यभर फसवत राहते. किंमत निर्देशांक १०० वरून ११० आणि पुढच्या वर्षी ११५.५ झाला, तर महागाईचा दर १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण वस्तू आणखी महागच झाल्या. टक्का आणि टक्केबिंदू यांतही असाच घोटाळा होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा तो पाव टक्केबिंदूने, म्हणजे २५ बेसिस पॉइंटनी घटला. पाव टक्क्याने नव्हे. राजकोषीय तूट हा एका वर्षाचा प्रवाह आणि सरकारी कर्ज हा साचत आलेला साठा, हा भेदही याच जातीचा आहे.

जुनी गाइडे

भारतीय अर्थव्यवस्थेच्या पेपरात अजूनही नियोजन आयोग कार्यरत असल्यासारखी उत्तरे येतात. १ जानेवारी २०१५ रोजी त्याची जागा नीती आयोगाने घेतली, आणि २०१७-१८ पासून अर्थसंकल्पातली योजना व योजनेतर खर्चाची विभागणीही संपली. जुन्या गाइडांवर विसंबण्याऐवजी दर वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पापूर्वी येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ उघडावी. ती मराठीत उपलब्ध असते.

आकडे पाठ करण्यापेक्षा ते कसे काढले हे समजून घेण्यात जास्त अर्थ आहे. दारिद्र्यावरच्या उत्तरात समित्यांची नावे ओळीने येतात, पण रेषा कशी आखली हे विचारले की लेखणी थांबते. पुण्यातल्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली मांडणी करताना माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील इतका आहार घेता येण्यासाठी किती खर्च लागतो, हा प्रश्न धरला आणि १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये व शहरात २२.५० रुपये अशी रेषा काढली. एवढे चार ओळींत लिहिता आले, तर पुढच्या समित्यांनी काय बदलले हे आपोआप कळू लागते.

मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. एकाच संकल्पनेला पुस्तकागणिक निराळा शब्द भेटतो: कुठे सूक्ष्म तर कुठे अंशलक्षी, कुठे स्थूल तर कुठे समग्रलक्षी, कुठे समवृत्ती वक्र तर कुठे तटस्थता वक्र. एकाच गोष्टीला दोन गोष्टी समजून विद्यार्थी गोंधळतो आणि पुढे एम.ए.ला इंग्रजी पुस्तके हाती आली की आपल्याला काहीच येत नाही असे त्याला वाटू लागते. ते चुकीचे असते, त्याला फक्त शब्द नवे असतात. पहिल्या सत्रापासून एक वही ठेवावी, तिच्यात एका ओळीत मराठी शब्द, त्याचा दुसरा मराठी पर्याय आणि इंग्रजी शब्द लिहावा, आणि शेजारी त्या संकल्पनेची छोटी आकृती किंवा दोन आकड्यांचे उदाहरण काढून ठेवावे.