कांदेबागेला पॉलिहॅलाइट घालताय? आधी गोणीवरचा आकडा वाचा

केळीची कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची लागण, तोंडावर आली की रावेर-यावलकडच्या दुकानांत पोटॅशचा, म्हणजे पालाशाचा, विषय निघतोच. दुकानदारानं पॉलिहॅलाइट या पालाश-गंधकाच्या खताची गोणी पुढे केली, तर भाव विचारण्याआधी तिच्यावरचा पालाशाचा आकडा बघा. तो साधारण 14 टक्के असतो, नेहमीच्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60. दोन्ही खाणीतले क्षारच, पण ताकद निराळी.

हिशेब मांडून बघा, भाऊ. केळीला झाडामागे 200 ग्रॅम पालाश धरला आणि पाच बाय पाच फुटांवर एकरी 1742 झाडं, तर म्युरेटच्या 50 किलोच्या बारा गोण्यांत काम भागतं. तेवढाच पालाश पॉलिहॅलाइटमधून द्यायचा तर पन्नास गोण्या! हमालीच किती होईल?

म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. इंग्लंडच्या बुल्बी खाणीत, उत्तर समुद्राच्या तळाखाली हजार मीटरहून खोल ते सापडतं. सुमारे 26 कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं हे मीठ. त्यात 19 टक्के गंधक आहे, थोडं मॅग्नेशियम आहे, क्लोराइड कमी. कॅल्शियमही आहे, पण तापीकाठच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्यासाठी पैसे कशाला मोजायचे? माती परीक्षणात गंधक कमी निघालं असेल तरच घ्या. एकरी दोन गोण्यांत 19 किलो गंधक मिळतं. लागणीच्या वेळी वाफशावर टाकून मातीआड करा. पालाशाचा मुख्य डोस म्युरेटचाच ठेवा.

ठिबकमधून मात्र पॉलिहॅलाइट सोडू नका. ही चूक मी करून बसलोय. रात्रभर टाकीत भिजवलं, सकाळी काठी फिरवली तर तळाशी वाळूसारखा खर्रखर्र थर. फिल्टर तीनदा धुतला, तरी टोकाच्या झाडांचे ड्रिपर बंदच.

ठिबकला पांढरं म्युरेट. विरघळताना बादली हाताला गार लागते, त्यामुळे थंडीत ते लवकर विरघळत नाही. दहा लिटरला दोन किलोच्या वर घालू नका. विहिरीचं पाणी खारं असेल तर क्लोराइडवाल्या म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, दहा लिटरला किलोपेक्षा कमी. त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट पडलं तर जिप्समचा गाळ बसेल, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या दिवशी सोडा.