भीड चेपायची कशी: भर सभेत उभं राहून बोलण्याची तयारी

गावात वर्षाला निदान चार ग्रामसभा होतात. शहरात सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. दोन्हीकडे एक माणूस हमखास दिसतो. पाण्याचा त्रास त्यालाच सगळ्यांत जास्त असतो, पण सभेत तो मागच्या रांगेत गप्प बसतो आणि सभा उठल्यावर टपरीवर अर्धा तास मुद्देसूद बोलतो. म्हणजे बोलता येत नाही ही अडचण नाहीच. चारचौघांत हसं होईल, ही आहे.

‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलेन’ हा क्रम उलटा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की स्वतःवरचा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्यानं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहिल्यानं, कुणी धीर दिल्यानं आणि शरीराच्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यावरून. यातली पहिली वाट सगळ्यांत पक्की. आरशासमोर ‘मी करू शकतो’ म्हणणं म्हणजे स्वतःच स्वतःला धीर देणं. त्यानं नुकसान नाही, पण भीडही चेपत नाही.

सुरुवात वहीपासून करा. ‘हसं होईल’ एवढं लिहून भागत नाही, कारण ते खरं ठरलं की खोटं हे नंतर तपासताच येत नाही. ‘माझा आवाज कापेल आणि निदान पाच जण मोठ्यानं हसतील’ असं लिहा. शेजारी हे घडेल असं किती वाटतं ते ० ते १०० मध्ये मांडा. खाली तारीख आणि प्रसंग.

मग पायऱ्या आखा. भीतीला ० ते १०० गुण देण्याची रीत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची, आणि आजही उपचारात तीच वापरतात. ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे आजवरची सगळ्यांत वाईट भीती. पहिली पायरी ३०च्या आसपासची हवी. एक नमुना, आकडे अर्थात ज्याचे त्याचे:

– भाजीचा भाव विचारून काही न घेता पुढे जाणं: २५
– बँकेत रांगेतून मोठ्यानं ‘पासबुक कुठं छापून मिळतं?’ विचारणं: ३५
– बचत गटात किंवा कट्ट्यावर मिनिटभर स्वतःचं मत मांडणं: ४५
– ग्रामसभेआधीच्या महिला सभेत किंवा कमिटीच्या बैठकीत एक प्रश्न विचारणं: ६०
– मोठ्या सभेत ठरावाला अनुमोदन देणं: ७०
– मोठ्या सभेत स्वतःचा प्रश्न मांडणं: ८५
– बहुमताच्या विरोधात दोन मिनिटं बोलणं: ९५

अनुमोदनाची पायरी फार कामाची, आणि लोक ती वगळतात. उभं राहायचं, नाव सांगायचं, ‘माझं अनुमोदन आहे’ म्हणायचं, बसायचं. दहा सेकंदांचं काम, पण सगळ्यांसमोर आपला आवाज निघालेला असतो.

खालच्या पायऱ्या आठवड्यात चार-पाच वेळा करा, तीही वेगवेगळ्या ठिकाणी. एकाच ओळखीच्या भाजीवालीशी सराव केला तर भीड फक्त तिच्यापुरती चेपते. गुण निम्म्यावर आले किंवा कंटाळा यायला लागला की वरची पायरी घ्या. भीती शिगेला असताना मधूनच पळ काढू नका. सुटल्याचं हायसं वाटतं, आणि पळालो म्हणूनच वाचलो हेच मनावर ठसतं.

बहुतेकांचा सराव फसतो तो कुबड्यांमुळे. शब्दन्‌शब्द कागदावरून वाचणं, भराभर बोलून मोकळं होणं, नजर भिंतीवर ठेवणं, हात कापताना दिसू नयेत म्हणून माईक दोन्ही हातांनी आवळणं, बसल्याबरोबर शेजाऱ्याला ‘बरं बोललो ना?’ विचारणं. सभा नीट पार पडते, पण श्रेय कुबडीला जातं आणि भीती होती तिथंच राहते. पन्नास भाषणं करूनही दरवेळी घाम फुटणारे लोक असतात, ते यामुळेच. दर पायरीला एकेक कुबडी टाका. कागदावर फक्त तीन शब्द ठेवा.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेली गोष्टही इथलीच. घाबरलेल्या माणसाचं लक्ष आत वळतं आणि आतून जसं वाटतं तसंच आपण बाहेरून दिसतो, असं तो धरून चालतो. उपाय घरी करता येतो. मोबाइलवर एक मिनिट बोलून चित्रण करा. बघण्याआधी काय दिसेल ते लिहा: हात किती कापतील, चेहरा किती लाल होईल. मग एखाद्या परक्याचं चित्रण असल्यासारखं बघा. लिहिलेलं आणि दिसलेलं सहसा जुळत नाही.

चक्कर येऊन पडू, ही धास्ती बऱ्याच जणांना असते. भीतीत नाडी आणि रक्तदाब वाढतो, शुद्ध हरपते ती रक्तदाब घसरल्यावर. (रक्त किंवा सुई पाहून येणारी भीती मात्र वेगळी. त्यात दाब खरोखर घसरतो.) उपाशीपोटी जाऊ नका आणि लागोपाठ चहा घेऊ नका, त्यानं थरथर वाढते. सभेआधी दोन मिनिटं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बोलताना श्वास मोजत बसलात तर तीही कुबडीच. आवाज कापू नये म्हणून मित्रानं दिलेली बीटा ब्लॉकरची (हृदयाचे ठोके मंद करणारी) गोळी घेऊ नका. दमा असणाऱ्याला ती महागात पडते.

सभेच्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसा आणि आपला विषय निघाला की पहिल्या काहींत हात वर करा. थांबाल तितकं दडपण वाढतं. तीन वाक्यं पुरतात: काय झालंय, कधीपासून, काय हवंय. ‘सरपंचताई, वॉर्ड दोनमध्ये नळाला पाणी नाही. अकरा दिवस झाले. टँकर कोणत्या तारखेपासून येणार ते सांगा आणि इतिवृत्तात नोंदवा.’ पहिलं वाक्य तेवढं पाठ असू द्या. मध्येच त-त-प-प झालं तर माफी मागू नका, थांबा आणि तेच वाक्य पुन्हा सुरू करा. कुणी खरंच हसलं तर अध्यक्षांकडे बघून ‘माझा प्रश्न पूर्ण करतो’ म्हणा.

त्याच रात्री वही काढा. पाच जण हसतील म्हणाला होतात, किती हसले? आकडा लिहा आणि विषय मिटवा. अंथरुणात पडून सभा पुन्हा पुन्हा घोळवली की आठवण दर फेरीला आणखी वाईट होते. दोन ग्रामसभांमध्ये महिने जातात आणि तेवढ्यात भीती थोडी परत येते. तो पराभव नव्हे. मधल्या पायऱ्या चालू ठेवल्या की ती लवकर उतरते. भीतीपायी नोकरी, शिक्षण किंवा घराबाहेर पडणंच महिनोन्‌महिने टळत असेल तर वहीवर विसंबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एक भीती मात्र या रीतीनं मोडायची नाही: बोललो तर रेशन, मजुरी किंवा शेताची वाट खरोखर अडवली जाईल, ही. तिथं मन चुकत नसतं. एकट्यानं उठू नका. दहा जणांच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या, पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा.