टीअरड्रॉप ट्रेलरचं मागचं झाकण कसं बनवावं

टीअरड्रॉप ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर. त्यात स्वयंपाकाचा ओटा मागच्या बाजूला असतो आणि त्यावर वरून खाली वळत येणारं झाकण असतं. अमेरिकेत 1930च्या दशकापासून हौशी लोक हे ट्रेलर घरी बनवतात आणि पाणी झिरपण्याची तक्रार बहुतेक वेळा या झाकणापाशीच असते. झाकण छत बसल्यानंतर, बॉडीवरच बेतून करा. नुसत्या आराखड्यावरून टेबलावर जोडलेलं झाकण नीट बसत नाही, कारण तोवर भिंती दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकलेल्या असतात.

खालची मापं 1220 मिमी (4 फूट) रुंद बॉडी आणि 18 मिमी प्लायच्या भिंती धरून आहेत.

बिजागरी. ती छताच्या सर्वांत उंच जागी लावू नका, तिथे पाणी साचतं. उतार सुरू झाल्यावर, थोडी मागे घ्या. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकून फिरणारी ‘हरिकेन हिंज’ सर्वांत चांगली. तिचे दोन भाग बाजूने सरकवून जोडायचे असतात, त्यामुळे एका बाजूला मोकळी जागा ठेवा. ती न मिळाल्यास हार्डवेअरच्या दुकानातली पियानो हिंज (लांब सलग बिजागरी) चालते, पण वरून 100 मिमी रुंद रबरी पट्टी हवीच. पट्टी फक्त छताकडे पक्की करा, झाकणाकडे मोकळी सोडा.

सीलची जागा. इथे घाई नडते. झाकणाचा वरचा प्लाय भिंतींच्या कडेवर टेकतो आणि मध्ये पोकळ रबरी सील येतं. 10 मिमी सील दाबून 6 मिमी होत असेल, तर झाकणाखालच्या भिंतीची कड आधी 6 मिमी उतरवावी लागते. नाहीतर झाकण छतापेक्षा वर उठून दिसतं, आणि ते खाली बसवायला कुलपं जोरात आवळली की मधला भाग फुगतो. सील कोपऱ्यात कापून जोडू नका, वळवून न्या आणि जोड खालच्या बाजूला ठेवा. सीलच्या आतून भिंतीला छोटी ॲल्युमिनियमची पन्हळ लावली तर चुकून आलेलं पाणी खाली निघून जातं.

सांगाडा. भिंतीची वळणरेषा कार्डबोर्डवर उतरवून 18 मिमी प्लायच्या, 45 मिमी खोल पाच फासळ्या कापा. आतली रुंदी 1184 मिमी. दोन्हीकडे 4 मिमी फट सोडली की सांगाडा 1176 मिमीचा होतो आणि फासळ्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 290 मिमीवर येतात. वर बिजागरीसाठी आणि खाली कुलपांसाठी सागाची किंवा तत्सम कडक लाकडाची आडवी पट्टी घाला. 4 मिमी प्लायमध्ये स्क्रू धरत नाही. झाकण उघडं तोलून धरणारे गॅस शॉकर जिथे लागणार तिथे फासळीला आतून ठोकळा आत्ताच चिकटवा, नंतर हात जात नाही.

वरचा आणि आतला प्लाय. वरच्या थराचे रेषे आडवे, म्हणजे रुंदीच्या दिशेने, असलेला 4 मिमी प्लाय घ्या. तो सहज वळतो. वळण आवळ असेल तर गरम पाण्याने भिजवून, क्लॅम्पने वळवून पूर्ण वाळू द्या आणि मगच गोंद लावा. सांगाडा बॉडीवर जागेवर धरून, खालची कड 5 मिमी जास्त आत ओढून बाहेरचा प्लाय इपॉक्सीने चिकटवा. क्लॅम्प काढले की वाकवलेलं लाकूड थोडं उलगडतंच; ते 5 मिमी त्यासाठी. एकच थर लावून झाकण उतरवलं तर ते बोटभर उघडून बसेल. म्हणून बाहेरचा थर पक्का झाल्यावर, झाकण बॉडीवर असतानाच, आतून दुसरा थर लावा. दोन्ही थर मिळून बंद पेटी झाली की आकार टिकतो. कर्ण मोजा, दोन्ही सारखे हवेत. प्लायच्या सर्व कडांना आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी तिथूनच शिरतं.

गॅस शॉकर. रंग, कुलपं, दिवे सगळं बसेपर्यंत हे विकत घेऊ नका. आधी झाकणाचं वजन करा. समजा 16 किलो भरलं आणि उघड्या स्थितीत गुरुत्वमध्य बिजागरीपासून आडवा 0.55 मीटरवर आहे. 16 × 0.55 = 8.8. याच स्थितीत शॉकरची रेषा बिजागरीपासून 0.20 मीटर दूर जात असेल, तर दोन शॉकरना 8.8 ÷ (2 × 0.20), म्हणजे प्रत्येकी 22 किलो, सुमारे 216 न्यूटन जोर लागेल. 250 न्यूटनची जोडी घ्या. थंडीत जोर कमी होतो, म्हणून ही वरकड उपयोगी पडते. त्याहून भारी शॉकर बंद झाकण सतत पिळतात आणि खालचे कोपरे उचलून धरतात. झाकण बंद असताना दांडा खाली तोंड करून असावा, म्हणजे आतलं तेल वायसरवर राहतं. ओट्यावर शेगडी पेटवणार असाल तर एक लाकडी टेकूही सोबत ठेवा.

कुलपं. दोन्ही खालच्या कोपऱ्यांत एकेक. फक्त मध्ये एकच लावलं तर कोपरे सुटतात.

शेवटी झाकण बंद करताना कडेने कागदाच्या पट्ट्या अडकवून एकेक ओढा. सहज निघाली, तिथे सील दाबलं जात नाही; सीलखाली पातळ पट्टी चिकटवा. मग पाइपने दहा मिनिटं पाणी मारा, समोरून आणि वरूनही. थेंब दिसले तर आधी बिजागरीची दोन टोकं तपासा. तिथे सील कमी पडलेलं असतं. ते टोकाच्या थोडं पुढे न्या.