लो-फॅट प्लांट-बेस्ड डाएट: काटा अडतो तो या चुकांमुळे

तेल बंद केलं. दूध, अंडी, मांस बंद केलं. तीन आठवडे झाले तरी वजनाचा काटा हलायला तयार नाही. किंवा काटा हलतोय, पण रात्री दहा वाजता भुकेनं जीव कासावीस होतोय. हे डाएट सुरू करणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी या दोनांतच मोडतात, आणि गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ बऱ्याचदा एकच असतं. काय बंद करायचं ती यादी तोंडपाठ असते. त्या जागी काय खायचं, किती खायचं, हे ठरवलेलंच नसतं.

थोडं गणित आधी उरकू. १ ग्रॅम फॅटमध्ये सुमारे ९ कॅलरी असतात, कर्बोदकं आणि प्रथिनांत प्रत्येकी ४. या पद्धतीत दिवसाच्या कॅलरींपैकी साधारण १० ते १५ टक्केच फॅटमधून येतात. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे जेमतेम २२ ग्रॅम. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम जातात. आणि धान्यं, डाळी, भाज्या यांतही थोडं फॅट असतंच, ते वेगळं.

ताट लहान करू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डाएट म्हटलं की हात आपोआप आखडतो. पण चमचाभर तेलातल्या १२० कॅलरी भरून काढायला सुमारे १४० ग्रॅम उकडलेला बटाटा खावा लागतो. तेल गेलं, चीज गेलं, आणि ताटात भाज्यांचा ढीग तेवढाच राहिला, तर पोट फसत नाही. दोन दिवस निभतं, तिसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा संपतो. मग आपण स्वतःलाच बोल लावतो, की माझ्यात निग्रहच नाही. निग्रहाचा इथे काही संबंध नाही. जेवण कमी पडलं, एवढंच.

न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रॉड’ अभ्यासात लोकांना कॅलरी मोजायला सांगितलंच नव्हतं. कमी फॅटचं, अख्ख्या वनस्पतीजन्य पदार्थांचं जेवण पोटभर जेवा, एवढंच सांगितलं होतं. सहा महिन्यांत त्यांचं वजन सरासरी १२ किलोंच्या आसपास उतरलं. म्हणून प्रत्येक जेवणात बटाटा, भात, ओट्स यांपैकी काहीतरी भरपूर हवं, आणि जोडीला वाटीभर शिजवलेलं कडधान्य किंवा डाळ. ‘बटाट्यानं वजन वाढतं’ ही ख्याती खरं तर त्याच्या तळण्याची आहे. कडधान्य मात्र वगळू नका. त्यानं पोट बराच वेळ भरलेलं राहतं आणि प्रथिनांची बाजूही तेच सांभाळतं.

कोरडं खाणं

आता दुसरी तक्रार: पोटभर खातोय, तेलाचा थेंब नाही, तरी वजन जागचं हलत नाही. अशा वेळी मी आधी विचारतो, खाण्यात पाणी किती आहे? १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८७ कॅलरी, शिजवलेल्या भातात १३०. तेवढ्याच ब्रेडमध्ये २६० च्या पुढे, आणि कुरकुरीत क्रॅकर्समध्ये ४०० च्या आसपास. १०० ग्रॅम द्राक्षं म्हणजे सुमारे ७० कॅलरी, मनुका ३००. फॅट यांतल्या बहुतेकांत नगण्यच, पण पाणी उडालं की कॅलरी दाटतात आणि पोटाला त्याचा पत्ता लागत नाही. फळांच्या रसाचंही तसंच आहे. चार संत्री सोलून खाताना आपण थांबतो, पेला मात्र एका दमात रिकामा होतो. पॅकेटवर ‘वीगन’ लिहिलंय म्हणून आतला मैदा आणि साखर काही सौम्य होत नाही.

‘फक्त २ टक्के फॅट’

पॅकेटवरचे टक्के वजनाचे असतात, कॅलरींचे नव्हे. १०० मिलिलिटर पेयात २ ग्रॅम फॅट आणि एकूण ४० कॅलरी असतील, तर त्यातल्या १८ फॅटच्या झाल्या, म्हणजे ४५ टक्के! फॅटचे ग्रॅम गुणिले ९, भागिले एकूण कॅलरी, हा हिशेब एकदा हाताला बसला की दुकानात फसगत होत नाही. टोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) जवळपास निम्म्या कॅलरी फॅटच्या असतात. म्हणून तो वाईट ठरत नाही, पण तो लो-फॅट आहे अशा समजुतीत राहू नका. ३० ग्रॅम बदामांत सुमारे १५ ग्रॅम फॅट असतं. टीव्हीसमोर मूठभर बदाम तोंडात टाकणाऱ्याचा दिवसाचा अर्ध्याहून अधिक कोटा तिथेच संपतो.

शून्याचा हट्ट

उलट टोकाला जाणारेही असतात. फॅट जितकं कमी तितकं चांगलं, असं नाही. लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही फॅटमधली दोन आम्लं शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायला थोडं फॅट लागतंच. रोज एक मोठा चमचा जवसाची पूड घेतली की अल्फा-लिनोलेनिकची गरज बहुतेकांची भागते. पूडच हवी. मी सुरुवातीचा महिनाभर अख्खं जवस खात होतो. ते जसं जातं तसंच बाहेर येतं. शिवाय फॅट जवळपास शून्यावर आणून वजन झपाट्यानं उतरवलं, तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. लहान मुलांना तर या डाएटवर ठेवूच नका.

बी-१२ला पर्याय नाही

इथे मी मुळीच मवाळ नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. स्पिरुलिना या शेवाळातलं बी-१२ बहुतांशी शरीराच्या उपयोगाचं नसतं, आणि आंबवलेल्या पदार्थांचाही भरवसा नाही. प्रौढांची रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास, पण ती गोळीतून किंवा बी-१२ घातलेल्या पदार्थांतूनच भागवावी लागते. घात होतो तो यकृतातल्या साठ्यामुळे. तो काही वर्षं पुरतो, म्हणून पहिलं वर्ष छान जातं आणि माणूस म्हणतो, मला कुठे काय झालं? त्यात हिरव्या भाज्या आणि कडधान्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे रक्तक्षय झाकला जाऊ शकतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. हातापायांना मुंग्या येणं, तळपायांची आग, चालताना तोल जाणं ही लक्षणं दिसली तर तपासणी लांबवू नका. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी तर दुप्पट जागरूक राहावं, कारण त्या औषधानंही बी-१२ घटतं.

पोटातल्या वायूचं थोडक्यात. आठवडाभरात खाण्यातले तंतू (फायबर) तिप्पट केले तर पोट बंड करणारच. कडधान्यं भिजवून ते पाणी ओतून द्या, नीट मऊ शिजवा, आणि अर्ध्या वाटीपासून सुरू करून हळूहळू वाढवा. चहा-कॉफी जेवणासोबत नको, तासाभरानं घ्या, नाहीतर लोह कमी शोषलं जातं. जेवणात लिंबू किंवा टोमॅटो असला की तेच शोषण सुधारतं.

काट्याकडे रोज बघणं

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०२१ साली २० जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे लो-फॅट वनस्पतीजन्य आणि दोन आठवडे मांसाहारी किटो (कर्बोदकं अगदी कमी, फॅट भरपूर), दोन्हींत हवं तेवढं खा. लो-फॅटवर लोक आपसूकच दिवसाला सुमारे ७०० कॅलरी कमी खात होते. तरी काटा किटोवर जास्त उतरला! शरीरातली चरबी मात्र लो-फॅटवरच ठळकपणे घटली. किटोवर गेलं त्यात पाण्यासारख्या गोष्टींचा वाटा मोठा होता. त्यामुळे शेजारचा किटोवाला आठवड्यात तीन किलोंची बढाई मारत असेल तर मारू द्या. आपण कंबरेचं माप महिन्यातून दोनदा घ्यावं.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर मात्र डाएट सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा. औषधाचा डोस जुन्या जेवणावर बेतलेला असतो. जेवण बदललं की काही दिवसांतच साखर किंवा रक्तदाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका सर्वाधिक. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असताना पालेभाज्या एकदम वाढवल्या तर त्याचा असर बिघडतो, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर बटाटे-कडधान्यांतल्या पोटॅशियमचा विचार आधी करावा लागतो. पहिले काही आठवडे घरी साखर आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवा, आणि तीच वही डॉक्टरांपुढे धरा.