कावीळ झाली? आधी ती कुठली ते शोधा, मग पुढचं बघा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाचे डोळे पिवळे दिसले की घरातली मोठी माणसं आधी माळ घालून आणायला सांगतात. माळ रोज लांब होत जाते, म्हणजे कावीळ उतरायली असं समजतात. खरं बघितलं तर ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोरा सैल पडतो, म्हणून माळ वाढते. पेशंट बराही होतो, कारण हेपॅटायटिस म्हणजे लिव्हरला सूज आणणारे ए, बी, सी, डी, ई असे व्हायरस असतात आणि त्यातल्या ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांची आपोआपच जाते. पण बी किंवा सी असली तर डोळे पांढरे झाले तरी व्हायरस लिव्हरमध्ये बसून राहू शकतो, वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही आणि शेवटी सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा कॅन्सर झाल्यावरच कळतं. म्हणून माळ घाला नाहीतर नका घालू, रक्त तपासल्याशिवाय राहू नका.

आधी टेस्ट

लघवी गडद पिवळी, भूक मेलेली, मळमळ, अंगात कणकण, उजव्या बरगडीखाली दुखणं, असं वाटलं की डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा सरळ बेळगावच्या सरकारी जिल्हा हॉस्पिटलात, म्हणजे बिम्समध्ये. बिलिरुबिन आणि एसजीपीटी या लिव्हरच्या रक्ताच्या टेस्ट केल्यावर लिव्हरला सूज आहे एवढंच कळतं, ती कशामुळं ते कळत नाही, आणि बरेच लोक इथंच थांबतात. डॉक्टरांना विचारा की व्हायरसची टेस्ट करायची का. या रक्ताच्या टेस्टची नावं अशी: ए आणि ई साठी आयजीएम, बी साठी एचबीएसएजी, सी साठी अँटी-एचसीव्ही. सी ची ही टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच घाबरू नका, आजार बरा झाल्यावरही ती पॉझिटिव्हच राहते, व्हायरस आत्ता अंगात आहे का हे आरएनए टेस्टनंच कळतं. डी हा फक्त बी असलेल्यालाच होतो, त्यामुळं बी ची लस घेतली की डी पण टळतो.

पेशंट गुंगीत जायला लागला, बडबडायला लागला, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त यायला लागलं तर रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलात न्या.

पाण्याकडं बघा

ए आणि ई दोन्ही पाण्यातून आणि खाण्यातून पसरतात, म्हणजे पेशंटच्या शौचातला व्हायरस दुसऱ्याच्या तोंडात जातो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात गटार मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली, ती ई होती हे पुढं कळलं. आपल्या निपाणीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत २०१२ मध्ये ई चीच मोठी साथ आली होती. आपल्याकडं नळ चोवीस तास नसतो तिथं काय होतं बघा: पाणी बंद असताना पाईपात प्रेशर नसतं, पाईप गटारीजवळून गेलेला असला आणि जॉईंट फुटका असला तर घाण आत शिरते, आणि कुणी नळाला थेट मोटर लावली की ती जोरात ओढली जाते. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी भरू नका आणि मोटर थेट लावू नका. पावसाळ्यात प्यायचं पाणी खळखळ उकळी आल्यावर आणखी एक मिनिट तरी उकळा, झाकून ठेवा, वगराळ्यानं काढा. गल्लीत दोन-तीन घरांत एकदम कावीळ दिसली तर आशाताईंना सांगा आणि पाईप तपासायला लावा.

हात साबणानंच धुवा, या व्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही. कावीळ झालेल्याला उसाचा रस पाजतात, आपल्याकडं ऊस चिक्कार म्हणून तर जास्तच, पण रस्त्यावरच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणाला माहीत? घरचं साधं वरण-भात, चपाती चालते, तेल अगदीच बंद करायची गरज नाही. दारू पूर्ण बंद, आणि तापाची गोळी किंवा कसला काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

बी आणि सी: रक्ताचं नातं

हे पाण्यातून पसरत नाहीत. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं किंवा शेजारी बसल्यानं होत नाहीत, म्हणून अशा माणसाचं ताट वेगळं करू नका, फार वाईट वाटतं त्याला. पसरतात ते वापरलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, असुरक्षित संबंधांतून आणि आईकडून बाळाला. बी चा व्हायरस बाहेर पडलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो, तर ब्लेड आणि टूथब्रश स्वतःचा ठेवा, सलूनमध्ये नवीन ब्लेड मागा, जत्रेत गोंदवून घेताना सुई नवी आहे का बघा, इंजेक्शनच्या सुईचं पाकीट डोळ्यासमोर फोडायला सांगा. रक्तदान केल्यावर ब्लड बँकेतून रिपोर्टसाठी फोन आला तर टाळू नका.

सी वर आता गोळ्या आहेत, बहुतेक जण साधारण १२ आठवड्यांत पूर्ण बरे होतात. बी ला गोळ्यांनी आवर घालता येतो, पण मनानं बंद केल्या तर तो उसळतो. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. घरात कुणाला बी असेल तर नवरा-बायको, मुलं सगळ्यांची टेस्ट करा आणि ज्यांना नाही त्यांना लस द्या.

गरोदर बाई घरात असेल तर

ई तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा, शेवटच्या महिन्यांत तर जिवावर बेतू शकतं, तिला कावीळ दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी कार्ड) काढताना एचबीएसएजी टेस्ट झालीय का ते विचारा. जन्मताच बी लागलेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांना तो कायमचा चिकटतो, म्हणून पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवा, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शनही लागतं, ते बाळंतपणाच्या आधीच हॉस्पिटलात ठेवायला सांगा, रात्री-अपरात्री धावपळ नको.