‘मानभावी’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

फोंडा तालुक्यात मराठी शिकवताना एका विद्यार्थ्याच्या निबंधात मी ‘आमच्या गावच्या जत्रेला आलेले मानभावी पाहुणे’ असे शब्द वाचले. घरी कोकणी बोलणाऱ्या त्या मुलाला ‘मान’ ओळखीचा होता आणि ‘भाव’ म्हणजे भाऊ हेही ठाऊक होते. तेव्हा हा शब्द आदराचाच असणार, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात मनातला स्वार्थ झाकून वरवर भोळेपणाचा किंवा आपुलकीचा आव आणणाऱ्याला मानभावी म्हणतात. सन्मानासाठी ‘माननीय’ किंवा ‘मान्यवर’ लिहावे.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे हा शब्द ‘खोटारडा’ या अर्थाने वापरणे. समजा, शेजारचा गृहस्थ वृद्ध जोडप्याला म्हणतो, “काकी, एवढे मोठे घर तुम्ही दोघांनी कसे सांभाळायचे? मला तुमची फार काळजी वाटते.” घर मोठे आहे, माणसे दोनच आहेत, त्यामुळे यात खोटे काहीच नाही, परंतु त्याने घरासाठी बाहेरचे गिऱ्हाईक आधीच ठरवून ठेवले असेल आणि दलालीवर त्याचा डोळा असेल, तर ती काळजी मानभावी आहे. ‘लबाड’ माणूस फसवतो, पण त्यासाठी तो गोड चेहरा घेईलच असे नाही. ‘दांभिक’ माणूस अंगी नसलेल्या सद्गुणांचे प्रदर्शन करतो. लाजेने किंवा दुःखाने मन मोकळे न करणाऱ्याला मात्र मानभावी म्हणणे हा अन्यायच आहे. तो अबोल आहे, इतकेच.

वाक्य अडखळत असेल, तर त्यात वरचा आव आणि आतला हेतू या दोन्ही गोष्टी दिसतात का, ते तपासावे. ‘तो मानभावीपणे हसला’ एवढेच लिहिले, तर वाचकाला हेतू कळत नाही. ‘कागदावर सही मिळेपर्यंत तो मानभावीपणे प्रकृतीची चौकशी करीत राहिला’ असे लिहिले की शब्द आपले काम करतो. हा शब्द दुसऱ्याच्या मनाविषयी आरोप करतो, म्हणून हेतूचा पुरावा हाती नसताना बातमीत किंवा तक्रारअर्जात तो लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याकरणात फारशी अडचण नाही: मानभावी मुलगा, मानभावी बाई, मानभावी शब्द; रूप बदलत नाही.

एक चूक मात्र मला मनापासून खटकते. हा शब्द ‘महानुभाव’ या थोर अर्थाच्या शब्दापासून आला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाच्या अनुयायांना लोक ‘मानभाव’ म्हणत, आणि पुढे त्यांच्याविषयीच्या आकसातून त्या नावाला ढोंगीपणाचा अर्थ चिकटला. ज्या पंथाने मराठी गद्याचा पाया घातला, त्याच्याविषयी लिहिताना ‘मानभावी पंथ’ असे कदापि लिहू नये. ‘महानुभाव पंथ’ असेच लिहावे.